मुंबईच्या थंडीत गुळपोळीची बिअर: लालब्रू वोस यीस्टचा रिव्ह्यू

सरळच सांगतो, मुंबईत थंडीसाठीची मसाल्याची बिअर करायची असेल तर आधी लालब्रू वोस यीस्टचं पाकीट मिळवा आणि बाकीची रेसिपी मग ठरवा. लोक मॉल्टवर (मोड आणून वाळवलेल्या धान्यावर) बोलतात, हॉप्सवर (कडवटपणा देणाऱ्या फुलांवर) तासन्‌तास वाद घालतात, मसाला कोणत्या दुकानातून आणला ते सांगतात आणि यीस्टचा विषय निघाला की "एस-०४ टाकलं" म्हणून पुढे जातात. आपल्या हवेत बिअर बिघडते किंवा जमते ती इथेच, म्हणून हा रिव्ह्यू फक्त त्या एका पाकिटाचा आहे. रेसिपी सांगतोय ती यीस्टचं काम दिसावं म्हणून.

आधी कायद्याचं, कारण विचारणारे असतात. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि लायसन्सशिवाय घरी बिअर बनवणं त्यात बसत नाही, स्वतःच्या पिण्यापुरती असली तरी. त्यामुळे हे सगळं झालंय ते एका जवळच्या मित्राच्या मायक्रोब्रुअरीत, त्याच्या लायसन्सखाली, मोठ्या टाकीला हात लावण्याआधी नवीन रेसिपी करून बघायला त्यांच्याकडे जो २० लिटरचा छोटा सेट आहे त्याच्यावर. होमब्रू ज्या साइजला करतात तीच साइज, सामानही तेच, त्यामुळे ज्यांचे भाऊ-बहीण बाहेरच्या देशात आहेत आणि तिथे घरी करायला परवानगी आहे त्यांनाही हे जसंच्या तसं वापरता येईल.

आता मुंबईची थंडी. जानेवारीत सांताक्रूझला पहाटे १७-१८ डिग्री झाली की आपण कपाटातून स्वेटर काढतो, पण त्याच दिवशी दुपारी पारा ३० ला असतो. यीस्टला हे अजिबात आवडत नाही. नेहमीचं एल यीस्ट (एल हा बिअरचा एक प्रकार), म्हणजे यूएस-०५ किंवा एस-०४, साधारण १८ ते २२ मध्ये स्वच्छ काम करतं आणि फर्मेंटेशन चालू असताना वर्ट, म्हणजे मॉल्टचं गोड पाणी, स्वतःच गरम होतो, म्हणजे खोली २८ ला असेल तर आतमध्ये ३० च्या वर गेलेलं असतं. तिथे मग हे यीस्ट जड अल्कोहोल तयार करायला लागतं, थिनरसारखा वास येतो, घशाला जळजळतं, दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. मसाल्याच्या बिअरमध्ये तर अजून वाईट, कारण लोकांना वाटतं सुंठ जास्त झाली आणि खरं दुखणं यीस्टचं असतं. फ्रीज आणि टेंपरेचर कंट्रोलर असेल तर प्रश्न नाही, पण २० लिटरचा डबा मावेल असा रिकामा फ्रीज मुंबईतल्या किती घरात आहे, आणि मित्राच्या ब्रुअरीतही थंड टाक्या सगळ्या विकायच्या बिअरने भरलेल्या असतात, प्रयोगाच्या डब्याला कोपराच मिळतो.

वोस हे क्वाइक जातीचं यीस्ट आहे, नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या वोस भागातलं. तिकडच्या शेतावर घरच्या घरी बिअर करायची जुनी पद्धत आहे आणि प्रत्येक घराने आपलं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या वाळवून जपलेलं असायचं. त्यातले सिगमुंड येर्नेस यांनी जपलेलं कल्चर त्यांनी मोकळेपणाने बाहेरच्या लोकांना दिलं, आणि लॅलमंड कंपनीने त्यातला एक स्ट्रेन घेऊन कोरडं यीस्ट म्हणून पाकिटात आणला, तो हा लालब्रू वोस. गंमत बघा, देश नॉर्वे, आणि यीस्टला आवडणारी रेंज ३५ ते ४० डिग्री, कारण तिथले लोक वर्ट पूर्ण थंड व्हायची वाटच बघत नव्हते, अंगाइतका गरम असतानाच यीस्ट टाकायचे. कंपनी २५ ते ४० चालेल म्हणते. म्हणजे आपली जी अडचण होती ती या यीस्टची सोय आहे. मला हे वाचल्यावर जे बरं वाटलं ना, कारण आपल्याकडे बिअर करायची म्हणजे युरोपातला गारवा कुठूनतरी विकत आणायचा असंच सगळे धरून चालतात, आणि इथे एक चारशे टक्के युरोपियन यीस्ट आपल्या हवेसाठीच बनल्यासारखं.

पाकीट ११ ग्रॅमचं येतं. कंपनी १०० लिटरला ५० ते १०० ग्रॅम सांगते, म्हणजे २० लिटरला एक पाकीट पुरतं. घेताना एकच गोष्ट नीट बघा, पाकीट कडक आहे ना. व्हॅक्यूम गेलेलं मऊ पाकीट वापरू नका असं कंपनीच सांगते, आणि ४ डिग्रीच्या खाली ठेवायचं असतं, त्यामुळे मे महिन्यात ऑर्डर करून कुरियरच्या गोडाऊनमध्ये पडू देण्यापेक्षा डिसेंबरमध्ये मागवा आणि आल्या आल्या फ्रीजमध्ये टाका. मिळतं ऑनलाइनच, होमब्रूचं सामान विकणाऱ्यांकडे, पण स्टॉक कायम नसतो, हा पहिला मायनस पॉइंट.

आता बिअर. डेझर्टसारखी बिअर ही कल्पना अमेरिकेत पंपकिन एलमुळे जास्त पसरली, पंपकिन पायचा मसाला म्हणजे दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ, तो बिअरमध्ये. जुन्या युरोपात मसाल्याची एल होतीच, १५१६ मध्ये बव्हेरियाने फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी असा नियम काढला म्हणून जर्मनीत ते मागे पडलं, बेल्जियममध्ये धने आणि संत्र्याची साल आजही टाकतात. पण दादरला बसून पंपकिन पायची आठवण काढण्यात काय अर्थ आहे, आपल्याकडे थंडीचं गोड म्हणजे संक्रांतीची गुळपोळी, आणि तिच्यातल्या चवी बिअरला इतक्या जवळच्या आहेत की मला आश्चर्य वाटतं हे मेन्यूवर का दिसत नाही. भाजलेलं बेसन, भाजलेले तीळ, गूळ, जायफळ, वेलची, आणि वरून तव्यावर खरपूस झालेलं आवरण.

धान्य असं घेतलं: पेल मॉल्ट साडेतीन किलो, म्युनिक एक किलो, गव्हाचं मॉल्ट अर्धा किलो, बिस्किट मॉल्ट ३०० ग्रॅम, कॅराम्युनिक २५० ग्रॅम, आणि उकळीच्या शेवटी ६०० ग्रॅम गूळ. बेसनाचा खरपूसपणा बिस्किट मॉल्टमधून येतो, बेसन किंवा डाळ टाकायच्या भानगडीत पडू नका, नुसता स्टार्च जातो आणि बिअर गढूळ होते. हॉप्स फक्त कडवटपणापुरते, मॅग्नम १५ ग्रॅम, पूर्ण ६० मिनिटं उकळून, साधारण २० आयबीयू (कडवटपणाचं माप). वासाचे हॉप्स अजिबात नकोत, जायफळाशी भांडतात.

गुळाबद्दल थोडं. गूळ म्हणजे बहुतेक सगळी साखरच, ती यीस्ट खाऊन टाकतं, म्हणून गूळ घातला की बिअर गोड होणार हा समज काढून टाका, उलट ती हलकी आणि कोरडी होते. मागे राहतो तो मळीचा वास आणि किंचित खारट खनिजांची चव. म्हणून गूळ गडद घ्या, केमिकल न घातलेला, तो पिवळाधम्मक सुंदर दिसणारा गूळ बऱ्याचदा हायड्रोस टाकून उजळ केलेला असतो आणि त्यात ती चवच नसते. गोडसर भरलेपणा हवा असेल तर तो मॅशमधून, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवतात त्या टप्प्यातून, आणायचा, ६८-६९ डिग्रीला मॅश केला की यीस्टला न पचणाऱ्या साखरा जास्त तयार होतात. वोस वापरताना तर हे करायलाच हवं, कारण हे यीस्ट भुकेलं आहे, कंपनीच ७६ ते ८२ टक्के अटेन्युएशन, म्हणजे इतकी साखर खाल्ली जाते, असं सांगते, ६५ ला मॅश केलात तर गुळपोळी राहील बाजूला आणि पातळ, कोरडी, संत्र्याच्या वासाची बिअर हातात येईल.

उकळी झाल्यावर जो भाग मुंबईत सगळ्यात त्रासाचा तो म्हणजे वर्ट थंड करणं. नळाचं पाणीच कोमट, कॉइल चिलरमधून कितीही सोडलं तरी २० डिग्रीला यायला बर्फाच्या लाद्या आणि वाया जाणारं पाणी, आणि पाणीकपातीच्या दिवसात ते बघवत नाही. वोसला ३६-३७ ला थांबायचं. कॉइल टाकली, ढवळलं, हात लावून कोमट लागलं, थर्मामीटरने खात्री केली, संपलं. यीस्ट वरून तसंच भुरभुरवलं, आणि सोबत यीस्ट न्यूट्रियंट टाकलं कारण क्वाइकला पोषण जास्त लागतं आणि गुळात नायट्रोजन जवळपास नसतो. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (साखर किती आहे ते सांगणारी घनता) १.०६७.

आणि मग डब्याला गोधडी गुंडाळली. हो, थंडी घालवायला नाही, उष्णता धरून ठेवायला, कारण २० लिटरचा डबा रात्री लवकर निवतो आणि वोसला ३५ च्या वर ठेवलं की ते जास्त जोरात चालतं. कंपनी म्हणते दोन-तीन दिवसात फर्मेंटेशन आटपतं, आपण अशा दाव्यांवर विश्वास ठेवत नाही, पण खरंच तसंच आहे, रात्री टाकलं तर सकाळी एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी झडप) प्रेशर कुकरच्या शिटीसारखा चालू असतो आणि तिसऱ्या दिवशी ग्रॅव्हिटी १.०१६ वर येऊन थांबलेली. म्हणजे अल्कोहोल पावणेसात टक्क्यांच्या आसपास. थिनरचा वास शून्य. घशाला जळजळ शून्य. इतक्या गरमीत झालेली बिअर इतकी गुळगुळीत असू शकते हे प्यायल्याशिवाय पटत नाही, माझा मित्र जो रोज हेच काम करतो तोही दोनदा वास घेऊन गप्प बसला. मग यीस्ट खाली इतकं घट्ट बसतं की वरची बिअर अलगद काढता येते, फिल्टर वगैरे काही नको.

आता वासाबद्दल, कारण खरी निवड इथे आहे. वोसचा स्वतःचा वास संत्र्याच्या सालीसारखा असतो, ३५ च्या वर जास्त, २५-२८ ला कमी. काहींना हा दोष वाटतो. गुळपोळीच्या मसाल्यात मात्र तो जागेवर बसतो, वेलची आणि संत्रं यांचं जमतंच. दुसरी, माझ्या मते जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे यीस्ट लवंगेसारखा फिनॉलिक वास तयार करत नाही. जर्मन गव्हाच्या बिअरचं यीस्ट तो करतं, आणि तसं यीस्ट वापरून वर जायफळ-वेलची टाकली की नक्की कशाचा वास येतोय तेच कळेनासं होतं. वोसमध्ये मसाला जितका टाकाल तितकाच दिसतो. त्यामुळे मसाला कमी लागतो, आणि मसाल्याची बिअर नेहमी मसाला जास्त झाल्यानेच बिघडते.

मसाला उकळीत टाकायचा नाही. लालबागच्या मसाला गल्लीतून अख्खं जायफळ आणि हिरवी वेलची आणली, पूड घेऊ नका, ती आधीच निम्मी उडालेली असते. कोकणात नारळी-पोफळीच्या बागेत जायफळ होतं, ते ताजं मिळालं तर त्याच्यासारखं काही नाही. अर्धं जायफळ किसून थोड्या व्होडकात, वेलचीचे दाणे ठेचून वेगळ्या बाटलीत, सुंठ तिसऱ्या बाटलीत. वेलची एका दिवसात सगळं देऊन टाकते, जास्त ठेवली तर निलगिरीसारखा कापराचा वास येतो, जायफळाला तीन-चार दिवस लागतात. तिळाचं वेगळं आहे, तिळात निम्मं तेल असतं आणि तेलाचा थेंबही फेस मारतो. म्हणून पांढरे तीळ चांगले तांबूस भाजून व्होडकात भिजवायचे, मग बाटली फ्रीझरमध्ये, तेल वर गोठतं, व्होडका गोठत नाही, कॉफीच्या फिल्टरमधून गाळून घ्यायचं. वास राहतो, तेल जातं. फेसाला गव्हाचं मॉल्ट मदत करतं.

मग १०० मिली बिअर ग्लासात घेऊन ड्रॉपरने थेंब थेंब टाकत चव ठरवायची आणि त्या हिशेबाने पूर्ण डब्यात घालायचं. हे ठरवायला मित्राने त्याच्या आईला बोलावलं. काकू बिअर पीत नाहीत, नुसत्या वासावर बोलल्या. पहिला ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "अरे, जायफळ किती घातलंयस? लोकांना झोपवायचंय का?" दुसऱ्याला म्हणाल्या, "आता पोळीसारखं येतंय, पण वेलची पुढे जाऊ देऊ नकोस, पोळीत वेलची मागे असते रे." मी त्यांना विचारलं, काकू, तीळ येतोय का, तर त्यांनी परत वास घेऊन सांगितलं, "खाली आहे, शेवटी येतो." इतकं नेमकं टेस्टिंग मी कुठल्या ब्रुअरकडून ऐकलेलं नाही. वर्षानुवर्षं पोळीचं सारण वासावर ठरवणाऱ्या बायकांना या कामात बसवायला हवं, हे मी मनापासून म्हणतोय.

शेवटी जी बिअर झाली ती तांबूस तपकिरी, फेस बारीक आणि टिकणारा. आधी संत्र्याची साल आणि जायफळ, मग भाजलेलं धान्य आणि गुळाची मळी, शेवटी किंचित सुंठ आणि तीळ. गोड नाही, पण गोडाची आठवण देते, आणि माझ्या मते डेझर्ट बिअर अशीच असावी, पहिल्या घोटाला पेस्ट्री आणि तिसऱ्याला कंटाळा असं नको. गॅस कमी ठेवा, २ ते २.२ व्हॉल्यूम (म्हणजे एक लिटर बिअरमध्ये साधारण तितके लिटर गॅस). आणि कृपा करून ३-४ डिग्रीला देऊ नका, पबमध्ये सगळंच बर्फासारखं देतात आणि जायफळ मरून जातं, १०-१२ ला उघडा. सोबत खरीच गुळपोळी आणि तूप ठेवलं होतं, तूप जिभेवर असताना बिअरचा घोट घेतला की सुंठ एकदम वर येते, हे नक्की करून बघा.

मायनस सांगायचे तर, स्टॉकचं सांगितलंच. दुसरं, क्वाइकच्या बिअरला शेवटी एक हलकं आंबट टोक जाणवतं, गुळाच्या बिअरमध्ये ते चालतं, मला तर आवडलं, पण जाड चॉकलेट स्टाउट करायचा असेल तर संत्रं आणि आंबटपणा दोन्ही आधी विचारात घ्या. तिसरं, ज्यांच्याकडे खरंच टेंपरेचर कंट्रोल आहे त्यांनी याच रेसिपीला एस-०४ वापरून १८-१९ ला करावं, जास्त पावासारखी, गोलसर बिअर मिळेल, ती वाईट नाही, वेगळी आहे. आणि २५ च्या खाली वोस सुस्त पडतं, म्हणजे नाशिक-महाबळेश्वरवाल्यांनी डिसेंबरात हीटिंग बेल्टशिवाय हे घेऊ नये.

एक फायदा जो पाकिटावर लिहिलेला नसतो तो म्हणजे हे पुन्हा वापरता येतं. तळाला बसलेलं यीस्ट स्वच्छ चमच्याने बेकिंग पेपरवर पातळ पसरायचं, वाळवायचं, आणि डबीत घालून फ्रीझरमध्ये, नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी वाळवूनच तर जपलं हे. आपल्या दमट हवेत नुसतं पंख्याखाली वाळत नाही, बुरशी धरते, त्यासाठी फूड डिहायड्रेटर ३५-४० वर किंवा एसीच्या खोलीत. यीस्ट मसाला घालायच्या आधी काढून घ्या, नाहीतर पुढच्या साध्या पेल एललाही जायफळाचा वास लागेल.